जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरवर थंड पेटी करताय? या चुका टाळा

तासगावच्या एका बागायतदार मामांनी द्राक्षाचे नमुने ठेवायला घरीच थंड पेटी केली. प्लायवूड, थर्माकोल, भंगारातला फ्रिजचा कंप्रेसर, आणि कॅपिलरीच्या (गॅसचा दाब उतरवणारी केसासारखी बारीक नळी) जागी चकचकीत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे तेच काम गरजेप्रमाणे उघडझाप करून करणारा. दोन दिवस झकास चालली. मग लाईट जाऊन आली की कंप्रेसर नुसता गुरगुरायचा आणि ओव्हरलोड (जास्त करंट गेला की कंप्रेसर बंद करणारा स्विच) टक् करून कट व्हायचा. मामा म्हणाले, "गॅस कमी पडला असंल, सोड अजून थोडा."

गॅस कमी नव्हताच. फ्रिजचा कंप्रेसर कमी ताकदीनं उठतो. कॅपिलरी असली तर बंद पडल्यावर काही मिनिटांत दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि तो सहज सुरू होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बहुधा दाब अडवून धरतो. तो बसवायचाच असेल तर स्टार्ट कपॅसिटरवाला, जास्त टॉर्कचा, म्हणजे जोरात उठणारा कंप्रेसर आणि रिसीव्हर (पातळ झालेला गॅस साठवणारी टाकी) हवा. शिवाय व्हॉल्व्ह कोणत्या गॅससाठी आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं. दुसऱ्या गॅसवर तो चुकीचा उघडतो. मामांना आम्ही कॅपिलरी आणि टाइम डिले (लाईट आल्यावर काही मिनिटं थांबवून कंप्रेसर सुरू करणारा) लावून दिला.

गॅस निवडताना आधी कंप्रेसरची पाटी वाचा. आर-१३४ए (फ्रिजमधल्या गॅसचा एक प्रकार) लिहिलंय तर तोच. आतलं तेलही त्याच गॅसच्या हिशोबानं भरलेलं असतं. आर-६००ए (आयसोब्युटेन, हा पेट घेणारा गॅस) त्याच्या मानानं वजनानं निम्म्याहून कमी लागतो, म्हणून दाबाचा गेज बघत अंदाजानं भरू नका, डिजिटल वजनकाटा वापरा. हा गॅस उणे ११.७ अंशांना उकळतो. कॉइल त्याहून गार झाली की लो साइड (कमी दाबाची, गार बाजू) व्हॅक्यूममध्ये जाते, आणि लीक असेल तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. चालू मशिनवर साबण लावून फेस दिसणार नाही. बंद करा, पेटी कोमट होऊ द्या, मग लावा.

घरगुती सिलिंडरचा गॅस भरणारेही भेटतात. त्यात प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं, वर वासाचं रसायन असतं. आणि ज्वलनशील गॅस म्हटल्यावर थर्मोस्टॅट, रिले पेटीच्या आत ठेवू नका. तिथं ठिणगी पडते. गॅस असलेल्या नळीला ब्रेझिंगची (डाग देऊन नळ्या जोडायची) टॉर्च तर अजिबात लावू नका.

लीक शोधायला दाब भरून बघायची प्रेशर टेस्ट नायट्रोजननंच करा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीच नको. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

पिन व्हॉल्व्ह (गॅस भरायचं तोंड) ब्रेझिंग करताना आतली पिन काढून ठेवा, नाहीतर रबर जळतं आणि महिनाभरात गॅस हळूहळू निघून जातो. टोपीही आवळून लावा.

पेटी गार होते, मध्येच थांबते, कॅपिलरीच्या तोंडाशी गरम पाण्याचं फडकं धरलं की सुर्रकन आवाज होऊन परत चालू होते? मग आत ओल आहे. गॅस वाढवून काही होत नाही. गॅस मोकळ्या हवेत, आगीपासून लांब काढा, नवा ड्रायर (ओल शोषून घेणारा फिल्टर) टाका आणि व्हॅक्यूम पंप निवांत चालू द्या.