ओरॅकलच्या इशाऱ्यासाठी एआयकडून कोड लिहून घेताना

ईथर या आभासी चलनाचा भाव ठरावीक पातळीखाली गेला की कॉन्ट्रॅक्टने (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रामने) आपोआप कृती करावी, असा सॉलिडिटी या भाषेतला कोड मागितला तर एआय कधीकधी ओरॅकलचा (बाहेरची माहिती ब्लॉकचेनवर पुरवणाऱ्या सेवेचा) इव्हेंट, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेली सूचना, ‘ऐकणारे’ फंक्शन लिहून देतो. कॉन्ट्रॅक्टला मात्र इव्हेंट वाचताच येत नाहीत, त्यामुळे तो कोड कंपाइल होऊनही ढिम्म हलत नाही. म्हणून मागणीतच स्पष्ट लिहावे:

१. चेनलिंक ऑटोमेशनच्या (अट पूर्ण झाली की कॉन्ट्रॅक्ट चालवणाऱ्या सेवेच्या) ‘चेकअपकीप’ या फंक्शनमध्ये अट तपासावी व ‘परफॉर्मअपकीप’मध्ये कृती करावी.

२. भाव चेनलिंकच्या भाव पुरवणाऱ्या फीडमधून ‘लेटेस्टराउंडडेटा’ या फंक्शनने घ्यावा, जुन्या ‘लेटेस्टआन्सर’मधून भाव कधीचा आहे हे कळत नाही. ‘अपडेटेडअ‍ॅट’ची (भाव शेवटचा नोंदला गेल्याची) वेळ फीडच्या हार्टबीटशी, म्हणजे दोन नोंदींमधल्या ठरलेल्या कमाल अंतराशी, ताडून शिळा भाव नाकारावा.

‘परफॉर्मअपकीप’ला बंधन घातले नसेल तर ते बाहेरचा कोणीही चालवू शकतो, त्यामुळे तीच अट तिथेही पुन्हा तपासावी.