पावसाळी दगडी: सुईच्या आधी दुधाचा नमुना

इगतपुरी-त्र्यंबककडे झड लागली आहे आणि सिन्नर-निफाडचे गोठेही आठ-आठ दिवस वाळत नाहीत. कासदाहाचे, म्हणजे आपल्या दगडीचे, दिवस हेच. अन् दर पावसाळ्यात चूकही तीच दिसते: दुधाचा नमुना न घेता सुई टोचली जाते.

मागच्या श्रावणात सिन्नर तालुक्यातली दुसऱ्या वेताची संकरित गाय पाहिली. मागच्या डाव्या सडातून दह्यासारख्या गुठळ्या येत होत्या. मालकाने दुकानातून "सगळ्यात भारी" म्हणून सेफ्टीओफर आणून मानेत टोचलं. दोन दिवसांत सूज उतरली, सुई बंद केली. आठव्या दिवशी कास दगडासारखी. तेव्हा नमुना पाठवला, पण औषध आधीच गेल्यामुळे प्रयोगशाळेत जंतू उगवलेच नाहीत. सड कायमचा गेला.

सेफ्टीओफर हे तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, खास जनावरांसाठीचं. फुफ्फुसाचा दाह, खुरं कुजणं यांवर चांगलं. मात्रा किलोमागे 1.1 ते 2.2 मिलिग्रॅम, रोज एकदा, 3 ते 5 दिवस. म्हणजे 400 किलोच्या गाईला 440 ते 880 मिलिग्रॅम. पण मांसात टोचलेलं हे औषध कासेत पुरेसं उतरत नाही. दुकानदार हे सांगत नाही, वर कॅल्शियम आणि पावडरीचा डबा मात्र पिशवीत घालतो.

नमुना घेणं दहा मिनिटांचं काम आहे. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडा, दवाखान्यातून आणलेली निर्जंतुक नळी आडवी धरून 5-10 मिली दूध घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. तिथे जंतू वाढवून थाळीत औषधाच्या कागदी टिकल्या ठेवतात. सेफ्टीओफरची टिकली 30 मायक्रोग्रॅमची. ज्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पुरेसं मोठं, ते औषध चालण्याची शक्यता जास्त. कधीकधी जुनं, स्वस्त औषधच चालतं असं निघतं.

गाय मलूल, कान गार, दूध पाण्यासारखं पिवळं असेल तर अहवालाची वाट पाहू नका. नमुना काढून ठेवा आणि लगेच 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. उपचार डॉक्टर ठरवतील, कोर्स मात्र पुरा करा.

नेहमीचं:
- पहिल्या धारा काळ्या ताटलीत पाहणे
- दर आठवड्याला अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर. त्यातल्या थोड्या पाण्यात तेवढंच दूध मिसळून बुळबुळीत गोळा झाला तर दगडीचा संशय
- धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे
- लगेच चारा टाकून अर्धा तास गाय उभी ठेवणे
- आजारी गाय शेवटी पिळणे

माझा अनुभव, कुठल्या पुस्तकातला नाही: झड उघडून ऊन पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगडी वाढते. संध्याकाळी गाय मागचे पाय सारखे बदलत असेल तर सकाळच्या धारेवर नजर ठेवा. डांगी या देशी जातीच्या गाईत हे कमी दिसलं, संकरितात जास्त.

औषध दिलेल्या गाईचं दूध लेबलवरची मुदत संपेपर्यंत डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. कासेत औषध सोडलेल्या गाईचं दूध घरी विरजलं आणि सकाळी दहीच लागलं नव्हतं, असं मी पाहिलं आहे. दही लागलं तरी दूध शुद्ध झालं असं धरू नका, मुदत मोजा.

नळ्या आजच आणून ठेवा. रात्री दगडी दिसली तर दुकान उघडं सापडेल, नळी सापडणार नाही.