शेजारच्या किरायाच्या खोल्यांचा त्रास होतोय? तक्रार कुठं आणि कशी करायची

कापसाचा हंगाम लागला की वर्धा, यवतमाळ, अकोल्याकडं जिनिंगच्या आसपासच्या गावांत खोल्यांना मागणी येते. वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात ती बारमाही असते. मग तीन खोल्यांत दहा-बारा मजूर राहतात, संडास एकच असतो, आणि आंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी उघड्या नालीत जातं. शेजारी वैतागून ग्रामपंचायतीत जातात आणि विचारतात, "त्याच्याकडं खोल्या द्यायचा परवाना आहे का?"

तक्रार इथंच फसते. घरातल्या खोल्या महिन्याच्या किरायानं देण्यासाठी ग्रामपंचायत वेगळा परवाना देत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार घरमालक आणि किरायदार या दोघांतला असतो, तो सरकारी परवाना नव्हे. तुमच्या हातात आहेत ते बांधकामाची परवानगी, सांडपाणी, संडास, रस्त्यावरचं अतिक्रमण आणि रात्रीचा आवाज हे मुद्दे. त्यांवर कायदा स्पष्ट आहे.

तक्रार कोणावर, ते आधी ठरवा

तक्रार घरावर आणि घरमालकावर करा, राहणाऱ्यांवर नको. छत्तीसगड, बिहार किंवा मध्य प्रदेशातून आलेल्या माणसाला देशात कुठंही राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ नं दिला आहे. "बाहेरच्यांना खोल्या देऊ नये" असा ठराव ग्रामसभेनं घेतला तरी तो कायद्यापुढं टिकणार नाही. शिवाय तुंबलेल्या संडासाचा सगळ्यात जास्त त्रास त्या मजुरांनाच होतो. त्यांच्याशी बोला. पुष्कळदा तेही मालकाला हेच सांगून थकलेले असतात आणि तुमच्या अर्जावर सही करायला तयार होतात.

मालकाशी बोला, मग कागद काढा

पहिलं बोलणं तोंडीच असावं. "काकाजी, खोल्यांचं पाणी आमच्या दारात येऊन राह्यलं, शोषखड्डा करून घ्या ना." एवढ्यानं काम झालं तर उत्तमच. मालक गावात राहत नसेल तर फोनवर सांगा आणि तेच मेसेजनं पाठवून ठेवा.

ऐकलं नाही तर ग्रामपंचायतीतून त्या घराचा नमुना ८ चा उतारा मागा. ही कर आकारणीची नोंदवही आहे. मालक कोण, बांधकाम कोणतं आणि किती, हे तिथं लिहिलेलं असतं. नोंद दोन खोल्यांची आणि जागेवर सहा खोल्या, असं दिसलं तर तो तुमचा पहिला ठोस मुद्दा. गावठाणात बांधकाम करायचं तर ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम ५२). ती दिली होती का, हे माहिती अधिकारात विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्ज लिहा

अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या नावे करा. घर क्रमांक, वार्ड, त्रास कधीपासून आणि नेमका काय, एवढं लिहा. "फार घाण करतात" असं लिहिलं तर कोणी जागेवर येत नाही. असं लिहा:

"घर क्रमांक अमुक येथील संडासाच्या टाकीचे पाणी दररोज सकाळी सार्वजनिक नालीत सोडले जाते. नाली हातपंपाजवळून जाते. कृपया स्थळपाहणी करून पंचनामा करावा व मालकास शोषखड्डा करण्याबाबत नोटीस द्यावी."

सोबत तारखेसह फोटो आणि दोन-तीन शेजाऱ्यांच्या सह्या जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका. पुढची प्रत्येक पायरी त्या शिक्क्यावर उभी राहते.

विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर अर्जावर निर्णय होईपर्यंत थांबू नका. गावच्या जलसुरक्षकाला (पाण्याचे नमुने घेणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला) सांगून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा आणि तोवर पाणी उकळून प्या. अहवालात पाणी दूषित निघालं तर ती प्रत अर्जाला जोडा.

पायरी, ओटा किंवा शेड रस्त्यावर आलं असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्याच कलम ५३ चा उल्लेख करा. ग्रामपंचायतीनं अतिक्रमण काढलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. त्याच घरात मजुरांसाठी खानावळ चालत असेल तर तिला मात्र अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं करा.

पोलिसांकडं कशासाठी जायचं

रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. वाजत असेल तर ११२ वर फोन करा. किरायदारांची माहिती पोलिसांना देण्याचा आदेश तुमच्या जिल्ह्यात लागू असेल तर ती देण्याची जबाबदारी मालकाची. ती दिली का, हे ठाण्यात विचारता येतं. मजुरांची आधार कार्डं तुम्ही स्वतः तपासायला जाऊ नका, तो अधिकार शेजाऱ्याला नाही. किरकोळ भांडण असेल तर पोलीस पाटील आणि गावची तंटामुक्त समिती पुरे. तिथं जे ठरेल ते लेखी घ्या, त्यात शोषखड्ड्याची तारीख टाका.

ग्रामपंचायत हलत नसेल तर

ग्रामसभेत विषय मांडा. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. विषय आधीच लेखी द्या आणि मालकाला नोटीस देण्याच्या ठरावाची नोंद इतिवृत्तात झाली का ते पाहा. त्यानंतर शिक्क्याच्या प्रतीसह पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं जा. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

सांडपाणी सार्वजनिक रस्त्यावर किंवा पाणवठ्यात येतच राहिलं तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होतं. ठरावीक मुदतीत उपद्रव दूर करा, नाहीतर हजर राहून कारण सांगा, असा आदेश ते मालकाला काढू शकतात. या अर्जाला फोटो, पाण्याचा अहवाल, पंचनामा आणि आधीच्या सगळ्या अर्जांच्या शिक्क्याच्या प्रती जोडा.