पद्मिनीचं खालचं काम: काय बदलायचं, काय राहू द्यायचं

"ताई, खालचं सगळं एकदाच करून टाका." हे वाक्य मी आतापर्यंत चार गॅरेजांत ऐकलंय. खालचं सगळं म्हणजे पुढचे-मागचे शॉकअप (हादरे जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर), आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतली रबरं), किंगपिन (जिच्याभोवती पुढचं चाक वळतं ती पिन), टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे) आणि मागचे पाटे (एकावर एक पोलादी पानं ठेवलेल्या स्प्रिंगा). आमची प्रीमियर पद्मिनी मोटार १९८६ ची, बाबांनी घेतलेली. ठाण्याच्या नौपाड्यात सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी असते, रविवारी सकाळी पोखरण रोडने उपवनपर्यंत जाऊन येते आणि कधीमधी घोडबंदर रोडने गायमुखापर्यंत. वर्षाला जेमतेम दीड हजार किलोमीटर. एवढ्या चालीसाठी 'सगळं' करायचं का, हे ठरवायची माझी एक पद्धत बसली आहे. मी मेकॅनिक नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३१ वर्षं इन्स्पेक्शनला होते. मोजल्याशिवाय माल रिजेक्ट करायची सवय नाही, आणि मोजल्याशिवाय पास करायचीही नाही.

ही पद्धत बसायला पैसे मोजावे लागले. २०१६ मध्ये स्पीडब्रेकरवर पुढून 'खट' असा आवाज यायला लागला. गॅरेजवाल्याने गाडीचा कोपरा दोनदा दाबला आणि शॉकअप गेले म्हणून सांगितलं. जोडी बदलली, पैसे दिले आणि घरी येताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर तोच 'खट'. शेवटी निघालं काय, तर पुढच्या स्टॅबिलायझर बारचं (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचं) अंगठ्याएवढं रबर चिरलेलं. दुसऱ्या दिवशी जुने शॉकअप परत मागायला गेले तर ते भंगारात गेलेले. तेव्हापासून जुना पार्ट मी गॅरेजमध्ये सोडत नाही. पिशवीत घालून, तारीख लिहून घरी आणते. माळ्यावर जागा उरली नाही, ही आईची तक्रार खरी आहे.

तर सुरुवात पान्याने करू नका, डिकी रिकामी करून करा. स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन, सगळं बाहेर. बाबांचा पान्यांचा गुंडाळा स्टेपनीच्या खाली सरकला होता आणि मी एक अख्खा रविवार 'मागचा शॉकअप' शोधत होते. मग काच खाली करून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि तो पुढचा की मागचा हे कळतं. स्पीडब्रेकरवर एकच 'खट' आला तर बहुतेक बुश किंवा रबर. पेव्हर ब्लॉकवर सतत खडखड असेल तर शॉकअपची वरची-खालची रबरं किंवा ढिला नट. गाडीत बसता-उतरता कुईकुई होत असेल तर पाटे कोरडे पडलेत. आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला सरकत असेल, स्टेअरिंग सतत सावरत बसावं लागत असेल, तर त्या दिवशी उपवनला जाऊ नका.

नंतर टायरवरून तळहात फिरवा, दोन्ही दिशांनी. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढची चाकं एकमेकांना समांतर असणं, बिघडलाय. ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. टायर फुकटात एवढं सांगतो, आणि बहुतेक लोक त्याला फक्त हवा विचारतात.

आता उंची. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितली तेवढी हवा भरा, गाडी दोन-चार फूट पुढे-मागे करून स्थिर होऊ द्या आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. अडचण अशी की ठाण्यातल्या कुठल्याच सोसायटीची फरशी सपाट नसते. पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलेला असतो. त्यावर आमच्या इन्स्पेक्शन टेबलवरची युक्ती चालते. एकदा मोजा, मग गाडी बाहेर काढून उलट्या तोंडाने त्याच जागी लावा आणि पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी घेतली की उताराचा फरक निघून जातो. माझ्या गाडीची उजवी मागची बाजू १२ मिलिमीटर खाली निघाली. बाबा एकटेच चालवायचे, उजवीकडे बसून, ३० वर्षं. पाटा बसणारच.

बसलेला पाटा म्हणजे गेलेला पाटा नव्हे, यावरून माझा गॅरेजवाल्यांशी कायम वाद होतो. पानांमध्ये तडा नाही, ती एकत्र धरणारा सेंटर बोल्ट शाबूत आहे, पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट घट्ट आहेत, चौघं बसल्यावर मागचा एक्सल वरच्या रबरावर आपटत नाही, तर १२ मिलिमीटरसाठी मी पाटे उतरवत नाही. सेंटर बोल्ट तुटलाय का हे बघायला दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजा, स्टेअरिंग अगदी सरळ ठेवून. एका बाजूचं कमी भरलं तर एक्सल पाट्यावरून सरकलेला असू शकतो. तडा किंवा तुटलेला बोल्ट दिसला तर मात्र चर्चा नाही, थेट काम. आणि पाटे नवेच घ्यावे लागतात असंही नाही. ट्रकचे पाटे करणारे कारागीर पानं सुटी करून कमान पुन्हा चढवून देतात. काम करायचं तर दोन्ही बाजूंचं करा, नाहीतर गाडी आता दुसरीकडे कलते.

गाडी दाबून बघायची परीक्षा पुढच्या बाजूला ठीक आहे: दाबून सोडल्यावर वर येऊन एकदा खाली गेली आणि थांबली की शॉकअप जिवंत. मागच्या बाजूला तिच्यावर विश्वास ठेवू नका. गंजलेली, कोरडी पानं एकमेकांवर घासूनच गाडीचं डोलणं थांबवतात, त्यामुळे मेलेला शॉकअपसुद्धा पास होतो. मागच्यासाठी एका टोकाचा नट काढून शॉकअप हाताने ताणून-दाबून बघावा लागतो. दोन्ही दिशांना सलग, जड प्रतिकार हवा. मध्येच पोकळ गेला तर संपला. बाहेरून नुसता तेलाचा घाम दिसला म्हणून बदलायची घाई नको; ओघळ आला असेल तर बदला.

किंगपिनपाशी मात्र मी थांबते. हा भाग गेला तर आराम जात नाही, चाक जातं. जॅक त्या आर्मखाली लावा ज्याच्यावर स्प्रिंगचा भार आहे, आणि घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालू नका. चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. हललं तर कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा. आमच्याकडे हे काम भाच्याचं. "आत्या, दाबलाय," तो आतून ओरडतो. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा, गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा आर्मच्या सांध्यांचा. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉडचे सांधे बोलतात. हे सगळं ग्रीसिंगच्या आधी करायचं. नवं ग्रीस भरलं की ते फटीत बसतं आणि प्ले दोन-चार दिवस लपतो. गॅरेजमध्ये गाडी आली की पहिल्यांदा ग्रीस मारतात आणि मग तपासतात, हे उलटं आहे.

माझ्याकडे चुंबकाच्या स्टँडवरचा डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) आहे, रिटायर होताना स्वतःसाठी घेतलेला. तो घोडीला चिकटवून रिमच्या कडेवर टेकवते. पहिल्या वर्षी डावीकडे ०.४ आणि उजवीकडे ०.५ मिलिमीटर आलं. गेज नसेल तर खडूची रेघ आणि पट्टीसुद्धा चालेल, फक्त दर वेळी त्याच जागी. झीज एकदा मोजून कळत नाही, दुसऱ्यांदा मोजल्यावर कळते. दोन वर्षं उजवीकडचा आकडा हलला नाही, तिसऱ्या वर्षी एकदम ०.९ झाला. दोन वर्षं मी शांतपणे चालवली आणि तिसऱ्या वर्षी विचार न करता दोन्ही बाजूंचं काम केलं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर ती माझ्या वहीपेक्षा मोठी.

बदलायचं ठरलं की खरा प्रश्न सुरू होतो: नवीन कुठलं? २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाले होते तोवर कुर्ल्यात हे पार्ट चहाच्या भांड्यांसारखे मिळायचे. आता जे मिळतं ते पिशवीवर नाव नसलेलं. मी रबराचा कडकपणा मोजायचा गेज घेऊन दुकानात जाते, दुकानदार हसतो. एकाच पाकिटातल्या दोन बुशांत एक ५८ आणि दुसरा ७४ निघाला, शोअर ए मापावर. डावीकडे एक आणि उजवीकडे एक बसवला असता तर गाडी लंगडीच चालली असती. गेज नसेल तर नखाने दाबा, हाताने वाकवा, कडेला बारीक चिरा शोधा, दोन्ही सारखे लागतात का बघा. म्हणून माझा नियम: मूळ रबर नुसतं म्हातारं असेल, फाटलेलं नसेल, तर नव्या कचऱ्यासाठी ते काढायचं नाही. मजुरी तर बुशच्या किमतीच्या कितीतरी पट जाते, आणि एका पावसाळ्यात नवा बुश फाटला की तीच मजुरी पुन्हा. पॉलियुरेथेनचे बुश कोणी सुचवतील. ते टिकतात, पण गाडी कडक होते आणि कुरकुरते. पद्मिनीची चाल मऊ आहे म्हणूनच तर ती ठेवली आहे.

लोखंडाचं काम मात्र इथेच होतं. किंगपिनचे बुश मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या लेथवाल्याकडून गनमेटलमध्ये (तांब्याच्या मिश्रधातूत) करून घेतले. बुश ठोकून बसवले की आतला व्यास आवळतो, त्यामुळे वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) साफ करून पिन बसवावी लागते. पिन हाताच्या दाबाने सरकली पाहिजे, पडता कामा नये. "हातोडीने बसेल ना" म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. पुढची कॉइल स्प्रिंग घरी उतरवायचा उद्योगही नको; दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात तुटतो.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. पार्टचा हिशेब करण्याआधी तो ज्या पत्र्याला लागतो तो तपासा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, आणि आपल्याकडे एका बाजूला खाडी आणि वर चार महिने पाऊस. पाटा जिथे अडकतो तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर ठीक. थपथप वाजलं तर आधी पत्र्याचं काम, नवे पाटे नंतर.

बसवताना दोनच गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवते. रबरी बुशचे नट चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळू देत नाही. गाडी चाकांवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीला आल्यावरच शेवटचा आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि नवे शॉकअप आडवे पडून आलेले असतात, म्हणून बसवण्याआधी ते उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण ताणून दाबायचे, आतली हवा निघेपर्यंत. मग अलाइनमेंट, ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा बघायचे.

मागच्या महिन्यात भाच्याने पहिल्यांदा स्वतः गेज लावला आणि मी आत बसून ब्रेक दाबला. उजवीकडे ०.१. उजवा पाटा अजून १२ वरच आहे, आणि पिशवीत बुशचा दुसरा सेट तयार आहे.