द्राक्षाच्या पेटीवर स्लॅब सेरिफ कसा बसवावा

पिंपळगाव-दिंडोरीकडचे बागायतदार हंगामाआधी माझ्याकडे पेटीचं डिझाइन करायला येतात. बहुतेकांना बागेचं इंग्रजी नाव टाइम्ससारख्या फॉन्टमध्ये हवं असतं, टोकाला नाजूक रेघा असलेल्या. पण खाकी पेटीचा कागद शाई पितो. फ्लेक्सोच्या, म्हणजे लवचीक ठशाच्या, छपाईत त्या रेघा कुठे तुटतात, कुठे फुगतात. तिथे मी स्लॅब सेरिफच लावायला सांगतो, कारण त्याच्या टोकाची पट्टी मुख्य रेघेइतकीच जाड असते आणि खरबरीत कागदावरही टिकते.

रॉकवेल हा स्लॅब फॉन्ट पाहा, मोनोटाइप कंपनीचा, १९३४ चा. ‘ओ’ जवळजवळ पूर्ण गोल, पट्ट्या काटकोनात, आणि कॅपिटल ‘ए’च्या शेंड्यावरसुद्धा आडवी पट्टी. १८४५ चा क्लॅरेंडन मवाळ आहे, त्याची पट्टी वळण घेऊन रेघेला मिळते. निर्यातीच्या पेटीला रॉकवेल, मनुक्याच्या पाकिटाला क्लॅरेंडन, हे माझं ठाम मत. फुकटात हवा तर रोबोटो स्लॅब घ्या.

नाव टाइप केल्या केल्या एक्स्ट्रा बोल्ड करू नका. शाई पसरली की स्मॉल ‘ई’ आणि ‘ए’चं पोट बुजतं. बोल्डवर थांबा आणि अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर ‘आर’ आणि ‘एन’च्या पायाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. गडद पट्ट्यावर कोरं अक्षर सोडणार असाल तर उलट करा: शाई चारी बाजूंनी आत सरकते, म्हणून एक वजन, म्हणजे जाडीची एक पायरी, जास्त घ्या.

आता मराठी नाव. इथे घाई नको. स्लॅबच्या आडव्या पट्ट्यांशेजारी आपली शिरोरेषा फार सुंदर दिसते, पण जाडी जुळली तरच. दोन्ही नावं शेजारी ठेवून झूम करा, शिरोरेषा आणि इंग्रजी ‘ई’ची आडवी रेघ एका मापाची होईपर्यंत मराठीचं वजन बदलत राहा. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये सात वजनं आहेत, त्यातलं एखादं बसतंच. साइझ बदलला की पुन्हा जुळवा. रफार आणि वेलांटीला वर जागा सोडा. इंग्रजी ओळ तिथे घुसली की ‘सूर्या’चा रफार पहिला जातो.

निव्वळ वजन, लॉट नंबर वगैरे साध्या सॅन्समध्ये, म्हणजे टोकाला पट्टी नसलेल्या फॉन्टमध्ये.

स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, करायला टाकण्याआधी खऱ्या मापाची प्रिंट काढा, पेटीवर चिकटवा आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन वाचा. व्यापारी थप्पीतली पेटी तेवढ्याच अंतरावरून बघतो.