व्यायामासाठी दणकट घड्याळ घेताय? या चुका टाळा

आमच्या पोहणाऱ्या-धावणाऱ्यांच्या कंपूत नवा कुणी आला, की काही महिन्यांत त्याचं मनगट माझ्या नाकासमोर येतंच. ‘ताई, बघा ना, काचेला आतून वाफ धरलीय.’ खोक्यावर काय होतं? ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट. तलाव तर दोनच मीटर खोल होता!’

हाच हिशेब मीही एकदा केला होता, म्हणून ओरडत नाही. पोहायला लागले तेव्हा माझ्याही हातात ३० मीटरवालं घड्याळ होतं. एके दिवशी पाण्यातच फेऱ्या मोजायचं बटण दाबलं, वर येऊन कडकडीत गरम पाण्यानं अंघोळ केली आणि संध्याकाळी बघते तर काचेखाली धुकं. उन्हात ठेवलं की सुकेल, असं कुणीतरी सांगितलं. उन्हानं आतल्या पाण्याची वाफ झाली, ऊन उतरल्यावर ती पुन्हा काचेला लागली. आठवड्याभरात आतल्या जोडण्यांवर हिरवट थर आला आणि घड्याळ गेलं ते गेलंच. तेव्हाच लगेच उघडून घ्यायला हवं होतं.

तो आकडा खोलीचा नाही, हे आधी डोक्यात घाला. ३० मीटर म्हणजे ३ एटीएम, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तिप्पट दाब. कोरं घड्याळ, नवी रबरी सील आणि प्रयोगशाळेतलं शांत पाणी, एवढ्यावर ती चाचणी होते. हात पाण्यावर आपटला की दाब भयंकर वाढतो, असं जो तो सांगतो; तेही फारसं खरं नाही. सेकंदाला ५ मीटर वेगानं हात मारला, तरी भर पडते ती सव्वा मीटर खोलीइतकीच. घड्याळ मरतं ते पाण्यात दाबलेल्या बटणानं, साबणानं आणि जुन्या झालेल्या सीलनं. तापलेलं घड्याळ गार पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि सील थकलेली असली तर ओल आत ओढून घेते. पोहायचं असेल तर किमान ५० मीटर. मी १०० च्या खाली बघत नाही. टाक्या लावून खोल बुडी मारणाऱ्यांनी आयएसओ ६४२५ (बुडी मारण्याच्या घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेलंच घ्यावं. समुद्रातून आलात तर साध्या पाण्यानं धुवा.

‘मिलिटरी ग्रेड’ वाचून हुरळू नका. मिल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचण्यांची यादी आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या, ते कंपनीच ठरवते आणि बहुतेकदा करतेही तीच. कोणत्या केल्या हे लिहिलं नसेल, तर तो शिक्का म्हणजे निव्वळ सजावट.

काच. वाळूतला क्वार्ट्झ साध्या मिनरल काचेहून कठीण, त्यामुळे बाहीनं धूळ पुसलीत की ओरखडे पडलेच. सफायर नावाच्या जास्त कठीण काचेवर वाळूचे ओरखडे पडत नाहीत, पण खडकावर जोरात आपटली तर ती तडकू शकते. मी कडा काचेपेक्षा उंच असलेलं घड्याळ निवडते, मग काच कुठलीही असो.

आता नाडी. ‘ताई, माझी नाडी १७०!’ असं म्हणणारा गडी माझ्याशी आरामात गप्पा मारत धावत असतो. १७० ती नाडी नसते, मिनिटाला पडणारी पावलं असतात. पट्टा सैल असला की घड्याळ हिंदकळतं आणि हिरव्या दिव्याचा सेन्सर त्या ठेक्यालाच ठोके समजतो. घड्याळ मनगटाच्या हाडावर नको. दोन बोटं वर सरकवून बांधा, धावताना एक भोक आवळा, नंतर सैल करा. थंडीत हातातलं रक्त कमी होतं, तेव्हा हा सेन्सर आणखी गडबडतो. वेगाचे टप्पे करायचे असतील तर मी छातीचा पट्टाच वापरते. घड्याळ बदलून बघण्यात पैसे घालवू नका.

जीपीएस लागायच्या आत पळत सुटणाऱ्यांना मात्र माझ्याकडे सहानुभूती नाही. उघड्यावर मिनिटभर उभं राहवत नाही आणि मग नकाशात आपण घरांच्या भिंतींतून धावलो म्हणून कुरकुर!

बॅटरी ‘१४ दिवस’ म्हणजे जीपीएस बंद ठेवून. तुम्ही जीपीएस चालू असताना किती तास चालते तो आकडा शोधा, आणि थंडीत त्याहूनही कमीच धरा.

चामड्याचा पट्टा घामात कुजतो, नको. आणि दणकट घड्याळही निसटतं ते पट्ट्याच्या वाकलेल्या पिनेमुळे. योग्य रुंदीच्या दोन जादा पिना माझ्या सॅकच्या छोट्या कप्प्यात कायम असतात.