इंजिनीअरिंगच्या ‘कॅप’चा ऑप्शन फॉर्म: बारावीच्या मुलासोबत बसून तो कसा भरायचा

बारावीचं वर्ष असलेल्या घरात सगळी शक्ती अभ्यासावर खर्च होते, आणि निकालानंतर इंजिनीअरिंगच्या कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म (कॉलेज आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने लिहायची यादी) मात्र मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी, सायबर कॅफेत, भलत्याच माणसाच्या हातून भरला जातो. दोन वर्षांच्या मेहनतीतून कुठलं कॉलेज हाती लागणार, हे त्या फॉर्ममधल्या क्रमावर ठरतं. त्यामुळे परीक्षेबद्दल इथे मोजकंच सांगतो. बाकी सगळा भर कागदपत्रांवर आणि त्या फॉर्मवर.

परीक्षा संपेपर्यंत

हॉल तिकीट हातात आलं की नाव, विषय आणि माध्यम तपासा. चूक असेल तर ती कॉलेजमार्फतच दुरुस्त होते. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला असतो, साडेदहाला केंद्रावर पोहोचा. पेपर झाल्यावर घरी उत्तरं जुळवत बसू नका, उद्याच्या पेपरची झोप जाते.

सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या नादात बोर्डाला कमी लेखू नका. इंजिनीअरिंगच्या पात्रतेसाठी विषयगटात खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गांना ४० टक्के लागतात. जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीला जायचं असेल तर साधारणपणे ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५. भौतिक आणि रसायनशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, तिथे जर्नल अपुरं ठेवून गुण घालवू नयेत. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा आहे आणि गणिताला वेगळी ९० मिनिटं मिळतात. सराव घ्यायचा तर तो घड्याळ लावून गणिताचाच घ्या.

कागद एप्रिलमध्ये, निकालानंतर नाही

निकाल लागला की सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांवर गर्दी उसळते, सर्व्हर बसतो आणि तहसीलमधली फाइल पुढे सरकत नाही. डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला परीक्षा संपताच काढून ठेवा.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची (कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची) तारीख नीट वाचा. प्रवेशाच्या वर्षी ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. अनेक पालक जानेवारीत घाईने एक वर्षाचं काढतात, ते त्याच ३१ मार्चला संपतं आणि जूनमध्ये पुन्हा रांग. केंद्रीय प्रवेशांसाठी ओबीसीचा नमुना वेगळा असतो, राज्याचा दाखला तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच.

जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे जायला हवा. वडिलांचा किंवा आजोबांचा जुना शाळेचा दाखला शोधायलाच महिनाभर जातो. प्रवेशाच्या वेळी प्रस्तावाच्या पावतीवर अर्ज घेतला जातो, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. ‘पावती आहे ना, मग झालं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे आत्ता पाहा. बीबीए, बीसीए, बीएमएस हवं असेल तर त्यांनाही २०२४ पासून सीईटी आहे. बारावीच्या निकालानंतर कॉलेजात जाऊन फॉर्म भरू, असं तिथे चालत नाही.

कटऑफ वाचायला शिका

सीईटी सेल, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश चालवणारा राज्याचा कक्ष, मागच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ संकेतस्थळावर ठेवतं. ती पीडीएफ हजारो ओळींची आहे, पण एक ओळ समजली की बाकीच्या समजतात. प्रत्येक ब्रँचखाली रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या भागात आहे तिथलीच मुलं), ओ म्हणजे इतर विद्यापीठं. खाली मेरिट क्रमांक आणि कंसात परसेंटाइल (किती टक्के मुलं मागे आहेत तो आकडा).

गोंधळ होतो तो शेवटच्या अक्षरात. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून झाली त्यावरून. लातूरमधून बारावी केलेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. त्याने पुण्यातल्या खाजगी कॉलेजचा एच रकाना पाहून आशा धरायची नाही, त्याला ओ रकाना पाहायचा आहे आणि तिथला आकडा बऱ्याचदा वेगळा निघतो. पुण्याचं सीओईपी किंवा सांगलीचं वालचंद अशा ठिकाणी एस रकाना येतो.

तुलना परसेंटाइलने करा. मेरिट क्रमांक दरवर्षी परीक्षार्थींच्या संख्येबरोबर हलतो. मागच्या दोन वर्षांचे आकडे घ्या आणि फक्त पहिल्या फेरीवर थांबू नका. शेवटच्या फेरीत अनेक ब्रँचचा आकडा खाली उतरलेला दिसतो. एखाद्या कॉलेजने कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या असतील तर जुना कटऑफ तितकासा उपयोगी नाही. ते माहितीपुस्तिकेतल्या जागांच्या संख्येवरून कळतं.

क्रम: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

आधी संगणक काय करतो ते समजून घ्या. तो मेरिट क्रमाने एकेका विद्यार्थ्याला घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे त्याच्यासाठी जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. तुमच्या मुलीने सीओईपीचं कॉम्प्युटर पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि ते मिळालं नाही, तर संगणक दुसऱ्या पर्यायाकडे जातो. तिने काही गमावलं नाही. तिच्यापेक्षा कमी मेरिट असलेल्या मुलाने तिचा दुसरा पर्याय स्वतःचा पहिला म्हणून लिहिला असेल, तरी त्याच प्रकारच्या जागेवर तो तिच्या पुढे जाऊ शकत नाही. जागा मेरिटवर मिळते, तुम्ही ती कितव्या क्रमांकावर लिहिली यावर नाही.

तरीही ‘वरचं कॉलेज पहिलं टाकलं तर नंबर वाया जातो’ हा सल्ला प्रत्येक गावात कुणीतरी देतोच. तो साफ चुकीचा आहे आणि त्याने दरवर्षी मुलांचं नुकसान होतं, कारण त्या भीतीने लोक ‘नक्की मिळेल’ असं कॉलेज वर टाकतात. २०२५-२६ च्या प्रवेशापासून इंजिनीअरिंगच्या कॅपला चार फेऱ्या आहेत आणि त्यांचा नियम असा: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तीच जागा अंतिम ठरते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर फ्रीझ, तिसरीत पहिल्या सहापैकी, चौथीत जे मिळेल ते अंतिम. फ्रीझ झालेली जागा घेतली नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे सुरक्षित कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवणाऱ्याला ते पहिल्याच फेरीत मिळतं आणि त्याचा प्रवेश तिथेच संपतो, मग मेरिट चांगलं असलं तरी. चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम पुन्हा वाचून घ्या. फॉर्म उघडण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच.

म्हणून क्रम लावायची पद्धत अशी. घरातल्या टेबलावर कागद घ्या, लॅपटॉप नंतर. मुलाने आधी एकट्याने लिहायचं: कोणत्या ब्रँच चालतील, कोणत्या नाहीत, कोणती गावं चालतील. आई-बाबांनी त्याच्या शेजारी खर्च लिहायचा: फी, वसतिगृह, मेस, येण्याजाण्याचं भाडं. वाद असेल तर तो इथे, या कागदावर मिटवा. फॉर्म भरताना वाद घातला की रात्री साडेअकराला कुणाच्या तरी रागाचा पर्याय तिसऱ्या क्रमांकावर जातो.

मग प्रत्येक शेजारच्या जोडीसाठी एकच प्रश्न विचारायचा: ही दोन्ही पत्रं आज हातात आली तर कुठे जाशील? कराडच्या शासकीय अभियांत्रिकीचं मेकॅनिकल, की पुण्यातल्या खाजगी कॉलेजचं कॉम्प्युटर? जे उत्तर येईल ते वर. कटऑफ हा प्रश्न इथे येतच नाही. कटऑफचा उपयोग यादी किती लांब करायची आणि तळाशी काय ठेवायचं एवढ्यासाठी. स्वतःच्या परसेंटाइलपेक्षा चार-पाच अंकांनी वरचे काही, आसपासचे भरपूर आणि आठ-दहा अंकांनी खालचे पुरेसे पर्याय हवेत. वीस पर्यायांवर थांबू नका. तळाशी असलेले पर्याय कंटाळून सोडले जातात आणि जागा न मिळालेली मुलं बहुतेक तिथेच अडकतात.

पण नकोच असलेलं कॉलेज यादीत टाकू नका, ‘असू दे’ म्हणूनही नाही. पहिल्या सहांत तर एकही नको. नातेवाईकाच्या आग्रहाखातर चौथ्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज तिसऱ्या फेरीत फ्रीझ झालं तर तिथेच जावं लागतं.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांना वेगळा चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-ब्रँचचा क्रमांक) असतो, शेवटी टी असलेला. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ती ब्रँच हवीच असेल, तर टीचा कोड त्याच ब्रँचच्या साध्या कोडच्या वर टाका. खाली टाकला तर साधी जागा आधी मिळेल आणि पूर्ण शुल्क भरावं लागेल. इतर शुल्कं मात्र टीएफडब्ल्यूएसमध्येही द्यावी लागतात.

यादी पक्की झाली की एकाने चॉइस कोड मोठ्याने वाचायचा आणि मुलाने स्वतः टाइप करायचा. कॉलेजांची नावं एकसारखी असतात, कोडच्या एका अंकात दुसरा जिल्हा निघतो. लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी कॅफेवाल्याला किंवा एजंटला देऊ नका. शेवटी कन्फर्म केल्याशिवाय फॉर्म विचारात घेतला जात नाही. नुसतं सेव्ह पुरेसं नाही. कन्फर्म झालेल्या यादीची प्रिंट काढा आणि मुदतीच्या आदल्या दिवशीच काम संपवा.

जागा मिळाल्यावर

वाटपाचं पत्र आलं की १००० रुपये भरून जागा स्वीकारायची आणि फ्रीझ की बेटरमेंट ते निवडायचं. समाधान असेल तर फ्रीझ. नसेल तर बेटरमेंट, म्हणजे जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट पाहणं, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पुढच्या फेरीत दुसरी जागा मिळाली की आधीची आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीआधी यादी उघडा आणि हातातल्या जागेपेक्षा कमी आवडणारे सगळे पर्याय काढून टाका. हे न केल्याने चांगली जागा गेल्याची उदाहरणं दर वर्षी असतात.

कॅपबाहेर, संस्थास्तरावर (थेट कॉलेजात) प्रवेश घ्यायला कुणी घाई करत असेल तर आधी हे विचारा: शिष्यवृत्ती मिळणार का? राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, तेही कॅपच्याच प्रवेशाला. बाहेरून घेतलेल्या जागेची सगळी फी घरातून जाते, चार वर्षं.

प्रवेश झाला की त्याच आठवड्यात मुलाच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन तपासा आणि महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज कॉलेज सांगेल तेव्हा लगेच भरा. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असेल तर पैसे तिकडे जातात किंवा अडकतात.

आणि बारावीत एखादा विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म निकालानंतर लगेच निघतो, तो आधी भरा. गुण कमी वाटत असतील तर पुनर्मूल्यांकनाआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती मिळाल्यावर अर्जाला पाचच कामाचे दिवस असतात. छायाप्रत विषयशिक्षकाला दाखवून, त्यांनी खरंच गुण वाढतील असं सांगितलं तरच पुढचे पैसे भरा.